नऊ जणींना व्याकरण येतं, पण तोंड उघडत नाही. काय करू?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. गेल्या दिवाळीनंतर गल्लीतल्या बायकांसाठी घरच्या ओसरीवर इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला. फी नाही. दुपारी ३ ते ४, कारण तेव्हा घरचं आवरलेलं असतं आणि पोरं शाळेतून यायची असतात. नऊ जणी येतात. एक शिवणकाम करते, दोघी बचत गटाचे पापड-कुरडया करतात, एक दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायला बसते, बाकीच्या घरीच. सगळ्यात लहान २६ वर्षांची, सगळ्यात मोठी ५१.

वर्ग का सुरू केला ते सांगते. शेजारची सून पालकसभेहून रडवेली होऊन आली. मुलगा इंग्रजी माध्यमात दुसरीला. बाई सगळं इंग्रजीतून बोलल्या आणि हिने त्यातला एकच शब्द पकडला, 'वीक'. पोरगा अभ्यासात कच्चा आहे असं समजून तिने शिकवणी लावली, संध्याकाळचं खेळणं बंद केलं, दोनदा मारलंसुद्धा. तीन महिन्यांनी कळलं की बाई त्याच्या नजरेबद्दल बोलत होत्या. फळ्यावरचं त्याला दिसतच नव्हतं. चष्मा लागला आणि पोरगं घडाघडा वाचायला लागलं. ती मला म्हणाली, 'काकू, वीक म्हणजे कशात, एवढं विचारता आलं असतं तर पोराचा मार वाचला असता.' दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावरचा फळा काढला.

आता अडचण अशी. चार महिने मी मनापासून शिकवलं. काळ झाले, क्रियापदांची तिन्ही रूपं झाली, प्रश्नार्थक-नकारार्थी झालं. वह्या बघाल तर दृष्ट लागेल. पण परवा शिवणकाम करणारीला दारातच 'हाउ आर यू?' विचारलं, तर तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, 'बरी आहे काकू.' आदल्या दिवशी याच बाईने 'आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग' बिनचूक लिहिलं होतं.

माझं काय चुकतंय? आणि वर्गात मराठी बोलावं की अजिबात बोलू नये? कृपया ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

फळाखडू (लातूर)

ताई, तुमचं काही चुकत नाही. पाया पक्का करताय तेच बरोबर आहे. मी २० वर्षं दहावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. व्याकरण न शिकता बोलायला लागलेली मुलं पुढे आयुष्यभर 'ही डोन्ट नो' म्हणत राहतात, मग ती मोड निघत नाही. तुमच्या बायका लिहितात ना बरोबर? बोलतीलही. अजून सहा महिने द्या. घाई करू नका.

संध्याकाळचा वर्ग (नाशिक)

कृष्णाकाठ ताई, मी सिडकोत राहते. अंबडच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या, पार्लरवाल्या, घरोघरी पोळ्या करणाऱ्या बायकांचा वर्ग १२ वर्षं घेते आहे. तुमच्या शेजारच्या सुनेची गोष्ट वाचली आणि ओटा आवरायचा ठेवून लिहायला बसले.

फळाखडू सरांचा आदर राखून सांगते, अजून सहा महिने असंच चाललं तर वह्या आणखी सुंदर होतील आणि बायका गप्पच राहतील. त्यांच्या तोंडातून इंग्रजी वाक्य पुरेशा वेळा बाहेरच पडलेलं नाही. उद्या घड्याळ लावून बघा. ६० मिनिटांतली ४० तुम्ही बोललात तर उरलेल्या २० मिनिटांत नऊ जणी. एकीच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं. मी माझाच एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकला होता. जवळजवळ पूर्ण तास माझाच आवाज. त्या रात्री मला झोप आली नाही. दिवसभर उभ्याने काम करून बायका माझ्याकडे बोलायला येत होत्या आणि मी त्यांना बोलू देत नव्हते. तेव्हापासून जोड्या लावते. ४० मिनिटं जोडीने बोलल्या तर प्रत्येकीच्या तोंडाला २० मिनिटं मिळतात. गलका होतो, होऊ द्यावा.

हेही लक्षात घ्या की महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या मराठी शाळेत शिकल्या असतील तर त्यांना इंग्रजी पाचवीत भेटलं, तेही वाचा, अर्थ लिहा, उत्तरं पाठ करा या रूपात. शाळेतल्या सगळ्या वर्षांत त्यांना कोणी इंग्रजीत 'जेवलीस का?' विचारलेलं नसतं. अक्षर डोळ्याला ओळखीचं, कानाला परकं. म्हणून मी पहिले १५ दिवस वही उघडूच देत नाही.

पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते, मराठीत: 'गेल्या आठवड्यात इंग्रजी येत नाही म्हणून कुठे अडलं?' मग बायका भडाभडा बोलतात. कुरिअरवाल्याचा फोन आला आणि कट केला. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते पोराला विचारावं लागलं. ज्यांच्याकडे पोळ्यांना जाते त्या केरळच्या मॅडम उद्या गावाला जाणार होत्या, ते कळलं नाही, हेलपाटा पडला. ही यादी म्हणजेच माझा अभ्यासक्रम. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे एक भाषातज्ज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९९१ मध्ये परक्या देशात निभावून नेण्यापुरत्या शब्दांची आणि वाक्यांची यादी केली होती, ती भरली सुमारे १२०. म्हणजे रोज चार-पाच पक्की केली तर महिन्याचं काम. तुमच्या सुनेसाठी तर मी पहिल्याच दिवशी तीन वाक्यं घेतली असती: 'सॉरी मॅडम, प्लीज स्पीक स्लोली.' 'वीक इन व्हॉट?' 'प्लीज राइट इट इन हिज डायरी.' अख्खी, फोड न करता, मंगळागौरीची गाणी पाठ होतात तशी.

आता मराठीमुळे जे अडतं ते सांगते, कारण ते आधी ओळखलं की निम्मा त्रास वाचतो.

एक पोळ्या करणारी बाई नवीन आली होती. घरच्यांबद्दल सांगा म्हटल्यावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'आय ॲम टू चिल्ड्रन.' दोघीतिघी हसल्या. ती बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती परातीत कणीक मळत होती. मी म्हटलं, 'हा घोळ तुमचा नाही हो, आपल्या आहेचा आहे. मी बाई आहे, तिथेही आहे. मला दोन मुलं आहेत, तिथेही आहे. इंग्रजीत या आहेची दोन घरं आहेत. आपण स्वतः जे आहोत ते ॲमच्या घरात, आपल्यापाशी जे आहे ते हॅवच्या घरात.' तिने कणकेचे हात वर धरले, परातीकडे बघितलं आणि म्हणाली, 'आय हॅव पीठ.' मी म्हटलं, 'बरोब्बर. आणि दमलात का?' 'आय ॲम टायर्ड.' 'पोरं?' 'आय हॅव टू चिल्ड्रन.' गोळा मळून होईपर्यंत तिने वीसेक वाक्यं केली. हॅवचं घर, ॲमचं घर हे शब्द तेव्हापासून आमच्या वर्गात रुळले. व्याकरण ते हेच, पण कणकेचं.

दुसरी गोष्ट 'मला'ची. आपल्याला सगळं 'मला' होतं. मला भूक लागली, मला ताप आलाय, मला वाटतं, मला आवडतं, मला येतं, मला जायचंय. इंग्रजीत हे बहुतेक सगळं 'आय'ने सुरू होतं: आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीवर, आय थिंक, आय लाइक, आय कॅन, आय हॅव टू गो. बायका मनात 'मला' धरतात आणि 'टू मी... टू मी...' करत अडकतात. मी त्यांना सांगते, मनात 'मला' आलं की तोंडाने 'आय' म्हणायचं आणि मग पुढचं शोधायचं. सुरुवात झाली की गाडी पुढे जाते.

'येते हं' ही तर आपली रीत. निघताना 'जाते' म्हणायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. माझी एक विद्यार्थिनी केरळच्या मॅडमच्या दारातून निघताना रोज 'आय ॲम कमिंग' म्हणायची आणि त्या दार उघडं ठेवून थांबायच्या. तिला 'सी यू टुमॉरो' दिलं. त्यात जाणंही नाही आणि उद्या येणं आहे, म्हणून तिला ते मनापासून पटलं.

आणि 'यू'. याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण मोठ्या वयाच्या बायका इथे हमखास थांबतात. आपल्याकडे मान क्रियापदात असतो: बसा, या, घ्या. डॉक्टरला आणि पोराला एकच 'यू' म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्याकडे एक आजी दोन महिने मुख्याध्यापकांशी बोलायचा सराव करायलाच तयार नव्हत्या. 'मोठ्या माणसाला अरे-तुरे कसं करू?' मग त्यांना समजावलं की इंग्रजीत मान 'कुड यू'मध्ये असतो, 'प्लीज'मध्ये असतो, आवाज खाली घेण्यात असतो. 'गिव्ह मी सर्टिफिकेट' म्हटलं तर 'दे रे' झालं. 'कुड यू प्लीज गिव्ह मी द सर्टिफिकेट, सर?' म्हटलं की 'द्याल का हो?' झालं. आजींचा चेहरा खुलला. त्यांना इंग्रजीपेक्षा मर्यादा सांभाळायची काळजी होती.

उच्चारांच्या फार मागे लागू नका. फक्त 'थर्टीन' आणि 'थर्टी' नीट घ्या, पैशाचा आणि तारखेचा प्रश्न असतो. 'थर्टीन'ला जोर शेवटी, 'थर्टी'ला आधी. पावणे, सव्वा, साडे, दीड, अडीच यांना एक पूर्ण दिवस द्या.

वर्गात काय करायचं? आठवड्यातून एकदा आम्ही गॅसची छोटी शेगडी मधे ठेवून चहा करतो. एकजण करते, बाकीच्या सांगतात. 'टेक द पॅन.' 'पुट वन कप वॉटर.' 'नो नो, नॉट मिल्क, फर्स्ट आलं!' करणारीने बोलायचं नाही, फक्त ऐकून करायचं. चुकीचं ऐकलं तर चहा बिघडतो, मग सांगणाऱ्या आपोआप नीट सांगतात. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेम्स ॲशर यांनी ही ऐका-आणि-करा पद्धत बसवली. चहा मात्र आमचा.

दुसरं, पाठीला पाठ लावून फोन. दोन खुर्च्या उलट्या ठेवायच्या. समोरासमोर बसलं की बायका हाताने, डोळ्यांनी, मान हलवून निभावून नेतात, फोनवर ते चालत नाही. एकजण शाळेची बाई, एक आई. आईला सांगायचंय की पोराला ताप आहे, आज येणार नाही. पहिल्या वेळी दोघींची पाठ ताठ, बोटं पदरात गुंतलेली. 'हॅलो मॅडम... माय सन... ' आणि पुढे शांतता. मी मदत करत नाही. दहापर्यंत मनात मोजते. बहुतेक वेळा आठ-नऊला शब्द येतो.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात उपयोगी पडलं. एकच गोष्ट तीनदा सांगायची. 'काल मी काय केलं' हे एकीला चार मिनिटांत, मग दुसरीला तीन मिनिटांत, मग तिसरीला दोन मिनिटांत. ऐकणारी नवीन, म्हणून सांगणारीला कंटाळा येत नाही. वेळ कमी, म्हणून अडखळायला जागा नाही. नवशिक्यांना मी दोन, दीड, एक मिनिट देते. तिसऱ्या खेपेला तीच बाई इतकी मोकळी बोलते की तिचं तिलाच नवल वाटतं. हेही मला नेशन यांच्याच लिखाणातून मिळालं.

मराठी बोलावं की नाही म्हणता? बोलावं. समजावताना, धीर देताना मराठीच. पण खेळ सुरू झाला की इंग्रजी, मग कितीही मोडकं असो.

फळाखडू (लातूर)

'कणकेचं व्याकरण' आवडलं, मनापासून सांगतो. पण माझी शंका राहतेच. 'नॉट मिल्क, फर्स्ट आलं' हे तुम्ही सुधारत नसाल तर तेच पक्कं होणार. चुका कधी सुधारता?

संध्याकाळचा वर्ग (नाशिक)

सर, शंका रास्त आहे. अर्थच बदलत असेल तर तिथल्या तिथे सुधारते. तारीख, पैसे, औषधाचा डोस यात हयगय नाही. बाकी बोलत असताना टोकत नाही, फक्त बरोबर वाक्य उलट विचारते. ती म्हणाली 'येस्टरडे आय गो माहेर', की मी म्हणते 'ओह, यू वेंट टू युवर मदर्स हाउस?' ती 'येस, आय वेंट' म्हणते आणि पुढे जाते. शेवटची पाच मिनिटं त्या दिवशी ऐकलेल्या दोनच चुका फळ्यावर. नाव घेत नाही. बायका स्वतः ओळखतात आणि स्वतःच दुरुस्त करतात. एका दिवसात दोन. पूर्वी मी वीस दाखवायचे, त्यातली एकही घरी जात नसे.

तुमच्या दहावीच्या मुलांना पेपर लिहायचाय, त्यांच्यासाठी तुमची पद्धत मी नाकारत नाही. माझ्या बायकांना उद्या सकाळी ८ वाजता सुपरवायझरसमोर उभं राहायचंय.

आणखी एक राहिलं. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळुरू आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांमध्ये मोठा प्रयोग केला होता. मुलांना व्याकरणाचे धडे द्यायचे नाहीत, रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे अशी कोडी इंग्रजीतून सोडवायला द्यायची. डोकं उत्तरात गुंतलं की भाषा आपोआप मुरते, हा त्यांचा विश्वास. मी एसटीचं वेळापत्रक वापरते. 'माहेरी लग्न ११ वाजता आहे, कोणती गाडी पकडाल?' या प्रश्नावर माझ्या बायका इंग्रजीत भांडतात. तुमच्याकडे कराड स्टँड आहेच, फलकाचा फोटो काढून आणा.

निळं_पाणी (तारकर्ली)

मी शिकवत नाही, शिकलेली आहे. आमच्या घरात पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला इंग्रजीचं 'येस-नो'पलीकडे काही येत नव्हतं. पाहुणे हाक मारायचे आणि मी मागच्या दाराने विहिरीवर जायची. सासूबाई म्हणाल्या, 'बोल गो, ते काय तुका खावचे नाय.'

दिराने मला ४० वाक्यं देवनागरीत लिहून दिली, ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली. मासे आधी शिकले. सुरमई म्हणजे किंगफिश, बांगडा म्हणजे मॅकरेल, पापलेटला पॉम्फ्रेट. सोलकढी काय ते सांगायचं वाक्य तर मी हजारदा म्हटलं असेल: 'धिस इज सोलकढी. कोकम अँड कोकोनट मिल्क. गुड आफ्टर फिश.' रोज तेच प्रश्न आणि रोज तीच उत्तरं, म्हणून भीती गेली. एकदा एका पाहुण्या बाईंनी विचारलं, कोकम म्हणजे काय? भिंतीवर ते वाक्य नव्हतं. मी आगळाची बाटली उघडून त्यांच्या नाकाशी धरली आणि म्हटलं, 'फ्रूट. सावर. फ्रॉम अवर ट्री.' हे वाक्य मला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या रात्री मी नवऱ्याला ते तीनदा ऐकवलं.

ताई, देवनागरीत लिहू द्या त्यांना. स्पेलिंगला घाबरून आम्ही बोलायच्याही राहतो.

पर्णकुटी (न्यू जर्सी)

इथे आमच्या गावच्या लायब्ररीत दर बुधवारी नव्याने इंग्रजी बोलणाऱ्यांचा गट जमतो, मी तिथे स्वयंसेवक आहे. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले मराठी आई-बाबाही येतात. एक छोटी सूचना. 'हाउ आर यू?' हा आपल्या 'काय, बरं आहे ना?' सारखा आहे हे आधी सांगा. आमच्या गटातल्या एक काकू दुकानातल्या कॅशियर मुलीला गुडघेदुखीचं सगळं सांगायला थांबल्या, मागे रांग लागली आणि मग त्या आठवडाभर दुकानातच गेल्या नाहीत. 'फाइन, थँक यू. हाउ आर यू?' एवढं एका श्वासात बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो. तुमच्या शिवणकामवाल्या ताईंना हे वाक्य रोज दारात नऊ जणींशी म्हणायला लावा. नऊ वेळा झालं की पदर आपोआप खाली येईल.

कृष्णाकाठ (कराड)

मंडळी, तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

दारातलं 'हाउ आर यू' आता रोजचं झालंय. चप्पल काढेपर्यंत सगळ्यांचं म्हणून होतं. देवनागरीला मी आयुष्यभर विरोध केला होता. आता करू दिलं, आणि दवाखान्यातल्या बाईने तिच्या टेबलाच्या काचेखाली वाक्यं लावली आहेत: 'प्लीज सिट. डॉक्टर विल कम ॲट फाइव्ह.' कराड स्टँडच्या फलकाचा फोटो आणला. त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ५१ वर्षांच्या आमच्या मावशी उठून म्हणाल्या, 'नो बस. आय टेक जीप.' मी टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या सुनेचं सांगते. पाठीला पाठ लावून तिने माझ्याशी सहा दिवस फोनचा सराव केला. सातव्या दिवशी पोराला खरंच ताप आला. सकाळी साडेसातला ती मोबाइल घेऊन माझ्या दारात आली. मी म्हटलं, मी शेजारी बसते, बोलणार नाही. तिने फोन लावला. 'गुड मॉर्निंग मॅडम. आय ॲम...' मग मुलाचं नाव आणि 'मदर'. 'ही हॅज अ फीवर. टुडे ही विल नॉट कम.' पलीकडून काहीतरी भराभर विचारलं गेलं. तिचा चेहरा उतरला, मी ओठ आवळून धरले. मनात मोजत होते. सातला तिने म्हटलं, 'सॉरी मॅडम, प्लीज स्पीक स्लोली.' पलीकडून पुन्हा, सावकाश. गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवू का, असं विचारत होत्या. 'येस मॅडम. थँक यू मॅडम.' फोन ठेवून ती मटकन ओसरीवर बसली आणि आम्ही दोघीही रडलो.

फळाखडू सर, 'ही हॅज' म्हणाली हो ती, 'ही हॅव' नाही. चार महिन्यांची वही कुठेतरी कामाला आलीच.

आता एक अडचण उरली आहे. बचत गटातल्या दोघींपैकी एक अजूनही बोलत नाही. जोडीत बसते, हसते, सगळं समजतं तिला, पण शब्द नाही. तिला बोल म्हणावं की सोडून द्यावं?

फळाखडू (लातूर)

ताई, 'ही हॅज' वाचून फार बरं वाटलं. आणि मी कालपासून बारावीच्या वर्गात चार-तीन-दोन मिनिटांचा प्रयोग सुरू केलाय. मागच्या बाकावरची मुलं बोलली.

संध्याकाळचा वर्ग (नाशिक)

ताई, तो फोन मी दोनदा वाचला.

त्या बाईंना बोल म्हणू नका. लहान मूलसुद्धा वर्षभर नुसतं ऐकतं. कान भरत असतात त्या. माझ्याकडे एक पार्लरवाली साडेतीन महिने गप्प होती. तिला फक्त हातांचं काम देत गेले, फळ्यावर लिहायचं, कार्डं वाटायची, वेळ मोजायची. म्हणजे ती वर्गात असते, पण परीक्षेला बसवल्यासारखं वाटत नाही.

तुम्ही चहाचा तास अजून घेतला नसेल तर या शुक्रवारी घ्या आणि शेगडीपाशी त्यांनाच बसवा. बाकीच्या आठ जणी इंग्रजीत सांगतील, त्या ऐकून करतील, एक शब्द बोलावा लागणार नाही. फक्त साखर किती घालायची ते आधी कोणी सांगायचं नाही, असं आठ जणींना बजावून ठेवा. चहा उकळायला लागेल आणि डबा त्यांच्या हातात असेल.